परसातला कोबा आणि बाबांची शेड

बेळगावातली जुनी बैठी घरं समोरून पाहून कळत नाहीत, ती मागच्या दारातून पाहावी लागतात. टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटापासून तिसऱ्या गेटापर्यंत, किंवा शहापूर आणि हिंदवाडीच्या गल्ल्यांतून कुठेही शिरा. अजून टिकून असलेल्या घरामागे परसू असतंच: दोन नारळ, अळूचा वाफा, कढीपत्ता, धुण्याचा दगड आणि एका बाजूला काँक्रीटचा कोबा. हा कोबा कुणाकडे न्हाणीघराचा असतो, कुणाकडे गोठ्याचा. वरचं छप्पर गेलं, भिंती गेल्या, कोबा तेवढा राहिला. मग त्यावर मोडका बंब, जुनी सायकल, रंगाचे डबे असं एकेक येऊन बसतं. काही वर्षांनी घरात कुणीतरी म्हणतं, "मागची जागा वायाच जातेय," आणि बिल्डरचा विषय निघतो.

आमच्याकडेही तो निघाला होता. मी बेंगळुरूला, दादा पुण्याला, आणि घरात आई-बाबा दोघंच. बाबांनी उद्यमबागेत आयुष्यभर पॅटर्नमेकरचं काम केलं. फाउंड्रीत लोखंड ओतण्याआधी वाळूत जो आकार उठवायचा, तो आधी लाकडात कोरावा लागतो. ओतीव लोखंड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीसुद्धा साध्या पट्टीपेक्षा तेवढी लांब असते. निवृत्तीनंतर बाबांची हत्यारं पडवीत आली आणि रांध्याचा भुसा सोप्यापर्यंत. पावसाळ्यात तर लाकूड दमट होऊन वाकडं व्हायचं आणि त्यांचं काम चार महिने बंद. त्यांना कोरडी, उजेडाची एक जागा हवी होती आणि १० बाय १२ फुटांचा न्हाणीचा कोबा रिकामा होता.

तयार केबिन आणून ठेवावी हा पहिला विचार. पण घराशेजारचा बोळ जेमतेम ३ फुटांचा, त्यातून केबिन आत येणार कशी? बेळगावच्या बहुतेक जुन्या घरांची हीच गत आहे. म्हणजे जे काही करायचं ते सुटं आणून जागेवरच जोडायचं. कंपाउंडपासून किती जागा सोडायची, हे महापालिकेत आधी विचारून घेतलं.

मग कोब्याची परीक्षा. गवंड्याने कडेची माती उकरून जाडी पाहिली, ४ इंच भरली. हातोडीने ठोकत तो सगळीकडे फिरला. पोकळ आवाज फक्त जुन्या मोरीपाशी आला, तेवढा तुकडा फोडून नव्याने भरला. दोन फुटी जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवला. काढला तेव्हा खाली दमटपणा होता, म्हणजे जमिनीची ओल वर येते. त्यामुळे लाकूड थेट कोब्यावर ठेवायचं नाही, मांडण्या ६ इंच उंचावर, हे तेव्हाच ठरलं. न्हाणीचा म्हणून कोब्याला अळवाकडे चांगला २ इंचांचा उतार होता. वर सिमेंटचा थर देऊन तो सपाट करावा, असं दादाचं म्हणणं. पण एका कडेला २ इंच आणि दुसऱ्या कडेला शून्यावर येणारा थर पातळ बाजूने सुटत जातो. उतार तसाच ठेवला. पारदर्शक नळीत पाणी भरून चारी कोपऱ्यांवर एक पातळी आखली आणि विटांच्या जोत्यातच फरक काढून टाकला.

खोली केवढी करायची, हा प्रश्न सोपा वाटतो. १० बाय १२ चा कोबा आहे तर तेवढीच खोली, असं कुणीही म्हणेल. आम्ही ८ बाय १० ची केली. कारण खांब बोल्टने कोब्याला धरायचे तर कडेपासून निदान ४ इंच आत हवेत, नाहीतर काँक्रीटची कड फुटते. पण १ फूट कोबा उघडा राहिला की छपराचं पाणी त्यावर आपटून भिंतीखालून आत येतं. त्यावर उपाय छपराचा. पाखी दीड फूट बाहेर काढली की पागोळी कोबा ओलांडून मातीत पडते. शिवाय भिंत कोब्याला मिळते तिथे बाहेरून सिमेंटची उतरती पट्टी. जुन्या कोब्यावर शेड करणाऱ्याने एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे: आधी पागोळी कुठे पडणार ते ठरवा, मग भिंत.

भिंती पूर्ण विटांच्या असाव्यात अशी आईची इच्छा. गवंडी म्हणाला, "नको ताई, एवढं वजन कोबा सोसायचा नाही. खाली पाया नाही त्याच्या." म्हणून दीड फूट वीट आणि वर उद्यमबागेतून करून आणलेल्या लोखंडी सांगाड्यात सिमेंटचे बोर्ड. पश्चिम आणि दक्षिण बाजू बंद, कारण आपल्याकडची झड तिकडूनच येते. दार पूर्वेला. उत्तरेला पाडलेल्या घरातली सागवानी खिडकी, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो आणि रेघेवर सावली पडत नाही.

खरा वाद झाला तो छपरावर. दादा पत्र्याच्या बाजूचा: हलका, एका दिवसात बसतो, पुढे काही बघावं लागत नाही. बाबांना मंगलोरी कौलं हवी होती. दादाने हिशोब मांडला. सव्वादोनशे ते अडीचशे कौलं, प्रत्येकी अडीच किलोच्या आसपास, म्हणजे सहा क्विंटल ओझं. पण ते सहा खांबांत वाटलं की एकेकावर एक क्विंटल येतं आणि ४ इंचांचा कोबा तेवढं आरामात घेतो. पत्र्याखाली एप्रिलच्या दुपारी बसवत नाही आणि मुसळधार पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. वरून नारळ पडला तर पत्र्याला पोचा येतो, कौल फुटलं तर तेवढंच एक बदलायचं.

कौलांसाठी बाबा आणि मी खानापूरला गेलो. बेळगावहून पंचवीस-एक किलोमीटर. तिथली माती विटा-कौलांसाठी पूर्वीपासून नावाजलेली. या घाटाचं कौल मुळात मंगळूरचं. बासेल मिशनने १८६५ साली तिथे कारखाना काढला आणि तिथून ते सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरलं. आम्हाला मिळाली ती पाडलेल्या घरांवरून उतरवलेली जुनी कौलं. बाबा एकेक कौल उचलून बोटाने वाजवत होते. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर बाजूला. पाठीवरचा शिक्काही पाहत होते, कारण दोन कारखान्यांची कौलं एकमेकांत नीट अडकत नाहीत. छपराच्या रिपाही त्यामुळेच मोजपट्टीवर न विसंबता कौल ठेवून ठेवून ठोकल्या. चढ ४ फुटांना अडीच फूट घेतला, म्हणजे पाणी कुठे थबकत नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वळीव झोडपून गेला. पागोळी मातीत पडली, कोबा आतून कोरडा राहिला. मृगाला बाबांचं टेबल आत गेलं आणि त्या पावसाळ्यात त्यांचं काम पहिल्यांदाच थांबलं नाही. उद्यमबागेतली दोन मुलं आता रविवारी त्यांच्याकडे लाकूडकाम शिकायला येतात.

छपराच्या वादात दादाचा शेवटचा मुद्दा मात्र खरा होता. कौलं दर मे महिन्यात परतावी लागतात: सरकलेली बसवायची, फुटकी बदलायची, नारळाचा पाला काढायचा. याला दोन माणसं लागतात, एक वर आणि एक खाली कौल देणारं. बाबा ७४ वर्षांचे. "दरवर्षी हे करणार कोण?" असं दादाने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "तुम्ही दोघं." त्यानंतर तीन मे गेले. दादा वर चढतो, मी खालून कौल देते. बिल्डरचा फोन अजून येतो. आई त्याला सांगते की मुलं मे महिन्यात येतील, तेव्हा बोलू. मेमध्ये आम्ही छपरावर असतो, आणि ते बोलणं अजून राहूनच गेलं आहे.