भाड्याचें गाणें

गेल्या पाडव्यास आम्हीं मोबाइलवरील गाण्यांची मासिक वर्गणी बंद केली. प्रश्न पैशाचा नव्हता. घरांत माणसें आठ, आणि आठांच्या कानांत आठ निराळीं गाणीं! त्यांतच सासूबाईंची आवडती, अब्दुल करीमखाँची भैरवी एके दिवशीं यादींतून नाहींशी झाली. भाड्याच्या वस्तूबद्दल दाद कोणाकडे मागावयाची?

सुदैवानें ती तबकडी माळ्यावर होती. मामंजींनीं जुना ग्रामोफोन दुरुस्त करविला. मिनिटास ७८ फेरे घेणारी तबकडी जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें वाजते. १९३७ सालीं निवर्तलेले खाँसाहेब तेवढ्यांत भैरवी पुरी करतात, आणि कोणास तरी उठून किल्ली द्यावी लागते. सासूबाई त्या वेळीं निवडणाचें ताट बाजूस सारतात. धाकट्या भावोजींस हें अद्यापि पटलेलें नाहीं. रात्रीं गच्चीवर ते कानांत काय घालून बसतात, याची चौकशी आम्ही करीत नाहीं.