दोष कानांचा कीं भिंतींचा?

म्हाताऱ्या माणसाला ऐकूं येत नाहीं, असें म्हणणें फार सोपें असतें. तेवढें म्हटलें कीं आपली जबाबदारी संपते. माझ्या आईच्या बाबतींत मीं हा सोपा मार्ग चांगला वर्षभर पत्करला. त्याची कबुली आज वाचकांपुढें देत आहें.

दादरच्या चाळींतून आम्ही विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यांत राहावयास आलों. नांवांत पाडा असला तरी आतां तेथें इमारतीला इमारत लागलेली आहे. आमच्या वांट्याला आलेली दर्शनी खोली अकरा फूट लांब व तितकीच रुंद. एका कोपऱ्यांत सिमेंटचा खांब पुढें आलेला. मागच्या बाजूस सज्जाचें कांचेचें सरकतें दार. डावीकडील भिंत अर्धीच, पुढें स्वयंपाकघराची वाट. आणि पायांखालीं गुळगुळीत लाद्या. अशा खोलींत मीं मोठ्या हौसेनें दोन स्पीकर आणून ठेवले.

निमित्त वडिलांचें होतें. १९७१ सालीं चाळींतल्या आमच्या खोलींत एका स्नेह्याच्या टेपरेकॉर्डरवर त्यांनीं कांहीं अभंग म्हणून ठेवले होते. वडील जाऊन आतां बावीस वर्षें झालीं. ती जुनी फीत मीं नव्या पद्धतीनें उतरवून घेतली आणि एका संध्याकाळीं आईला ऐकविली. चौऱ्यायशीं वर्षांची आई डोळे मिटून ऐकत होती. शेवटीं म्हणाली, “आवाज ह्यांचाच. पण सगळं घुमतंय रे. शब्द कळत नाहींत.”

“आई, तुझे कान आतां थकले,” मीं हंसत म्हटलें आणि आवाज वाढविला. त्याबरोबर घुमणेंही वाढलें. आईनें पुन्हां तक्रार केली नाहीं. तिनें ऐकावयास बसणेंच सोडलें.

पुढें एके दिवशीं पत्नी सहज म्हणाली, “अहो, ते शब्द मलासुद्धां कळत नाहींत, आणि माझे कान अजून शाबूत आहेत.” तेव्हां कोठें माझे डोळे उघडले. मीं खोलीच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजविली. ती टाळी एकदां वाजून थांबली नाहीं; उघड्या भिंतींमध्यें टर्रर्र करीत राहिली.

मग मीं पुस्तकें चाळूं लागलों. अमेरिकेंतील हार्वर्ड येथें १८९५ सालीं एका नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचा शब्द सुमारें साडेपांच सेकंद रेंगाळे, व एक शब्द दुसऱ्यावर चढून बसे. वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकानें जवळच्या नाट्यगृहांतील बैठकींच्या गाद्या रात्रींच्या वेळीं वाहून आणल्या आणि किती गाद्यांनीं आवाज किती लवकर विरतो हें मोजलें. त्यांतूनच सभागृहांच्या ध्वनीचें शास्त्र उभें राहिलें, व १९०० सालीं बोस्टनचें संगीतगृह त्या आधारें बांधलें गेलें. गाद्यांनीं जर शास्त्र घडलें, तर आमच्या घरीं गाद्यांना तोटा नव्हता!

पण गाद्या घालण्यापूर्वीं जागा तपासणें अवश्य होतें. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारें ३४५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत जी लाट बरोबर मावते, ती तेथें येरझारा घालीत फुगत जाते. अकरा फुटांत, म्हणजे ३.३५ मीटरांत, अशी पहिली लाट सेकंदास सुमारें ५१ कंपनांची व दुसरी १०३ कंपनांची मावते. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर शंभरीच्या आसपासच असतो. त्यांतून खोली चौरस. लांबी व रुंदी दोन्ही एकाच स्वराला फुगविणार. ही दुसरी लाट भिंतींपाशीं व खोलीच्या मध्यावर सर्वांत जोरदार असते आणि भिंतीपासून पाव अंतरावर जवळजवळ नाहींशी होते. आईची खुर्ची मीं पंख्याखालीं म्हणून नेमकी मध्यावर ठेवली होती! स्पीकर दोन कोपऱ्यांतल्या लोखंडी कपाटांवर. आणि कोपरा म्हणजे खर्जाला चहूंकडून पाठिंबा. अडचणीची म्हणून जी खोली मीं दोषी ठरवीत होतों, तिच्यांत अर्धी अडचण माझ्या मांडणीची होती.

स्पीकर खालीं उतरवून बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, समोरच्या भिंतीपासून पावणेतीन फूट पुढें घेतले. खुर्ची मागल्या दारापासून तितकीच पुढें. दोन स्पीकर व खुर्ची यांचा समभुज त्रिकोण साधला. उजवीकडे पुरी भिंत व डावीकडे मोकळी वाट, म्हणून आवाज उजवीकडे कलत असे. तेव्हां मुलीला आरसा देऊन उजव्या भिंतीवरून सरकवावयास सांगितलें व मी खुर्चींत बसलों. आरशांत जेथें स्पीकर दिसला, तेथूनच ध्वनि आपटून येत होता. तेथें आईनें जुन्या लुगड्यांची शिवलेली जाड गोधडी भिंतीपासून चार बोटें अंतर ठेवून टांगली. कांचेवर दुहेरी पडदा, लाद्यांवर सतरंजी.

एका परिचितानें अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटविण्याचा सल्ला दिला होता. आमच्या सोंवळ्या घरांत तो प्रस्ताव कसा टिकणार! सुदैवानें शास्त्रही सोंवळ्याच्याच बाजूचें निघालें. त्या पुठ्ठ्यांनीं आवाज फारसा शोषला जात नाहीं. खर्जाला तर गोधडीही अपुरी. म्हणून खांबाच्या व समोरच्या कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या. घुमणें सर्वस्वी गेलें नाहीं, पण पुष्कळ ओसरलें.

आईचे कान थकलेले नव्हते असें मी म्हणणार नाहीं. वयानें वरचे सूक्ष्म ध्वनि आधीं जातात, आणि स, श, त यांसारखीं व्यंजनें त्यांवरच उभीं असतात. पण म्हणूनच त्यांच्यावर खर्जाचें पांघरूण घालण्याचा मला अधिकार नव्हता. तिच्याजवळ जेवढें ऐकणें उरलें होतें, तेवढें मीं माझ्या मांडणीनें हिरावून घेतलें होतें.

त्या संध्याकाळीं पंखा बंद केला, कुकर उतरविला आणि आईला हात धरून खुर्चींत बसविलें. आवाज पूर्वींपेक्षां लहानच ठेवला. दुसरा अभंग संपला. तेथें फितींत कांहींतरी पुटपुटल्यासारखें होतें. मीं तें नेहमीं खरखर म्हणून सोडून देत असें. आई एकदम म्हणाली, “दूध उतूं जातंय, बघ जरा.”

मी स्वयंपाकघराकडे वळलों. “तुला नव्हे,” ती म्हणाली, “हे मला सांगताहेत.”

मीं तेवढा भाग पुन्हां लावला. खरेंच, ते शब्द स्पष्ट होते. त्यांच्यामागें चाळींतली ती आमची लहान खोलीही ऐकूं येत होती; इतके दिवस ती या खोलीनें झांकून टाकली होती.

आतां रोज दिवेलागणीस आई आपण होऊन त्या खुर्चींत येऊन बसते. गाद्यांनीं खोली फार शोभिवंत दिसत नाहीं; आल्यागेल्याला खुलासा करावा लागतो. तो खुलासा करतांना माझ्या कानांचा दोष मी आधीं सांगतों, भिंतींचा मागाहून.