अंड्याचे वय

गावठी अंडी विकत घेणारा शहरातला गृहस्थ प्रथम त्यांचा रंग पाहतो, आणि कवच तांबूस दिसले म्हणजे त्याची खातरजमा होते. वास्तविक कवचाचा वर्ण हा कोंबडीच्या वंशाचा विषय असून, ती अंगणात स्वैर हिंडली की पिंजऱ्यात कोंडली गेली, याचा त्यावरून काहीही बोध होत नाही. पिंजऱ्यातल्या संकरित कोंबड्याही तपकिरी अंडी घालतात, आणि आमच्या परसातल्या काही कोंबड्यांची अंडी इतकी फिकट असतात की बाजारच्या पांढऱ्या अंड्यांत मिसळली तर आकाराखेरीज त्यांना ओळखण्याचे साधन उरू नये. बलकाचा गर्द केशरी रंग ही त्याहून बरी साक्ष खरी, कारण तो हिरव्या पाल्यातून आणि मक्यातून उतरतो. परंतु झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क खाद्यात मिसळूनही तो आणता येतो, तेव्हा त्या एकाच साक्षीवर निकाल देणे योग्य नव्हे. दक्षिण कोकणात मागल्या दारी कोंबड्या बाळगण्यात आयुष्याचा बराच काळ गेल्यावर माझे मत असे बनले आहे की, घरच्या अंड्याचे मोल मुख्यतः त्याची जन्मतिथी आपल्याला ठाऊक असते यात आहे. कारण अंड्याचे वय कळले की त्याचे काय करावे हेही कळते.

गावठी कोंबडी देण्याच्या बाबतीत हिशेबी असते. लेगहॉर्न जातीची कोंबडी वर्षाला 300च्या घरात अंडी घालते. आमची 60 ते 80 घालते, आणि त्यातले एकेक अंडे 40 ग्रॅमच्या आसपास भरते. दहा-पंधरा अंडी घालून झाली की ती खुडूक होते: पिसे फुलवून रिकाम्या जागेवरही ठाण मांडते, हात नेला तर टोचते, आणि तिच्याखाली अंडी ठेवली तर 21 दिवस अन्नपाण्याची जेमतेम शुद्ध ठेवून ती उबवते. या मुदतीत तिच्याकडून अंड्याची अपेक्षा धरणे व्यर्थ, आणि तिला पाण्यात बुचकळून ताळ्यावर आणण्याचा जो दस्तूर काही घरांत आहे तो मला निर्दय वाटतो. एका अंड्याच्या नुसत्या कवचाला सुमारे 20 तास लागतात, आणि ते काम मुख्यतः रात्री चालते. म्हणून तिसऱ्यांच्या शिंपा भाजून, कुटून, त्यांचा चुरा मी संध्याकाळी खुराड्यात शिरण्यापूर्वी त्यांच्यापुढे टाकते. ज्यांना हा चुरा मिळत नाही त्यांची अंडी पातळ कवचाची, बोटाच्या दाबाने पिचणारी होतात.

ताज्या अंड्यावर एक अतिसूक्ष्म आवरण असते, आणि कवचाला असलेली हजारो रंध्रे त्यायोगे झाकलेली राहतात. अंडी धुऊन चकचकीत करण्याची हौस या आवरणाचा घात करते. थंड पाण्याने धुतले तर आतला ऐवज आकसतो आणि बाहेरची घाण रंध्रांवाटे आत ओढली जाते, हे तर त्याहून वाईट. याकरिता सगळा बंदोबस्त घालण्याच्या जागीच करावा लागतो. पावसाळ्यात अंगणभर चिखल असतो, तेव्हा टोपलीतला पेंढा वरचेवर बदलावा, त्याखाली निगडीचा पाला अंथरावा, आणि अंडी सकाळ-संध्याकाळ दोन वेळा उचलावीत. एवढ्यावरही एखादे मळलेच तर कोरड्या काथ्याने हलकेच पुसून ते त्याच दिवशी शिजवून टाकावे. बाकीच्यांवर शिसपेन्सिलीने तारीख घालून, निमुळते टोक खाली करून, ती मी तुसात रोवून ठेवते.

तारीख नसलेले अंडे हाती आले तर ते माजघरात नेऊन पाहावे. आमच्या माजघराच्या छपराला काचेचे एकच कौल आहे, आणि दहाच्या सुमारास त्यातून जमिनीवर कवडसा पडतो. मुठीच्या पोकळीत अंडे धरून, रुंद टोक वर करून, ते कवडशात आणले की सगळे कवच आतून गुलाबी उजळते, आणि रुंद टोकाशी हवेच्या कप्प्याची रेषा स्पष्ट उमटते. ताज्या अंड्यात हा कप्पा नाण्याएवढाही नसतो, आणि दिवस जातील तसतसा आतला ओलावा उडून तो वाढत जातो. किंचित फिरवले असता बलकाची सावली मध्यभागी संथ राहिली तर अंडे उत्तम. ती सैरावैरा कवचाकडे धावली तर पांढरे पातळ झाले असे समजावे. उबवणीच्या सातव्या दिवशी याच कवडशात लाल शिरांचे जाळे आणि त्यात हलणारा काळा ठिपका दिसतो, आणि तो पाहताना आजही माझा श्वास रोखला जातो.

कोंबडा असलेल्या घरची अंडी टिकायला कच्ची असतात, हे अनुभवी बायका पूर्वीपासून सांगत आल्या आहेत आणि ते यथार्थ आहे. फलित अंड्यातला अंकुर तापमान 21 अंश सेल्सिअसच्या वर गेले की हळूहळू जागा होऊ लागतो, आणि कोकणात वैशाखात भर रात्रीही हवा त्याहून उष्ण असते. उब अपुरी पडून तो अंकुर अर्ध्यावर मरतो आणि अंडे नासते. साठवणीची अंडी हवी असतील तर कोंबडा वेगळा बांधावा, आणि त्यानंतरही दोन-तीन आठवडे अंडी फलित निघू शकतात हे ध्यानात ठेवावे. ओल्या वाळूत रोवलेल्या मडक्याची युक्ती देशावरच्या कोरड्या हवेत फार गुणकारी. आमच्या दमट किनाऱ्यावर तिची मातब्बरी थोडी. श्रावणात घरात अंडे शिजत नाही आणि कोंबड्या तर घालतच राहतात, तेव्हाची शिल्लक पूर्वी चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवीत. अशी अंडी महिनोन्‌महिने टिकत, मात्र त्यांची चव बसकी होई. आता शीतकपाट आहे. त्यात एकदा ठेवलेले अंडे बाहेर काढून पुन्हा ठेवू नये, कारण त्यावर दव धरते. आणि उघडझाप होणाऱ्या दारात तर ते मुळीच ठेवू नये.

आता खाण्याविषयी. आदल्या दिवशीच्या अंड्याचा खरा मान फोडून सोडलेल्या रश्शाला. खोबरे आणि कांदा खरपूस भाजून केलेल्या वाटणाचा रस्सा उकळला की आच मंद करावी, अंडे वाटीत फोडून कडेने अलगद सोडावे, आणि डाव मुळीच फिरवू नये. ताज्या अंड्याचे घट्ट पांढरे बलकाभोवती आपणहून आवळत जाते, तो मऊ राहतो, आणि उकड्या तांदळाच्या भातावर फुटला म्हणजे रश्शात मिसळून जी स्निग्धता येते ती दुसऱ्या कोणत्याही जिन्नसाने येत नाही. हेच अंडे उकडायला घेतले तर सोलताना निम्मे पांढरे कवचाबरोबर निघते, कारण त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड अजून बाहेर पडलेला नसतो. उकडण्यासाठी आठवडाभराचेच अंडे घ्यावे. त्याहून जुनी अंडी कांदा-मिरची घालून केलेल्या पोळीला चालतात, परंतु तीही एकेक वेगळ्या वाटीत फोडून.

शेजारीण अंडी मागायला आली की मी आधी विचारते, “वहिनी, कशाला हवीत?” आजारातून उठलेल्या माणसासाठी असतील तर त्या सकाळचीच देते, पाहुण्यांच्या रश्शासाठी उकडायची असतील तर तुसाच्या तळची, आणि खुडूक कोंबडीखाली ठेवायची असतील तर आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, जुन्या कोंबडीची निवडून देते. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगीचे अंडे उबवायला मी कुणालाही देत नाही, मग ती कितीही आग्रह करो.