तळ्याआधी नाला

नैनीतालहून सकाळी निघालेल्या कुटुंबाच्या यादीत भीमताल, सातताल आणि नौकुचियाताल अशी तीन नावे होती. केवळ त्यांच्यासाठी ठरविलेल्या वाटाड्याने मात्र गाडी प्रथम माल रोडवर, एका कोरड्या नाल्यापाशी थांबविली. मुलांचा विरस झाला. तळी सोडून नाला काय पाहायचा?

वाटाड्याने वरचा डोंगर दाखविला. १८ सप्टेंबर १८८० रोजी संततधार पावसाने येथील कडा कोसळला. १५१ जणांचा बळी गेला, नयनादेवीचे जुने मंदिरही गाडले गेले. त्यानंतर पाणी डोंगरात मुरून उतार पुन्हा ढासळू नयेत म्हणून नाल्यांचे जाळे बांधण्यात आले. बहुतेक नाले नैनी तळ्यालाच मिळतात. त्यांत टाकलेला कचराही तेथेच पोहोचतो आणि शहर त्याच तळ्याचे पाणी पिते.

पुढे भीमतालचे बेट, साततालची दाट वनराई आणि नौकुचियातालचे नऊ कोपरे पाहून मंडळी सूर्यास्तापूर्वीच्या भोजनासाठी परतली. धाकट्या नातवाने दिवसभर खिशात जपलेली बिस्किटांची वेष्टने आजोबांपुढे ठेवली.

आयुष्यभर पेढी सांभाळलेले आजोबा म्हणाले, “देखभालीचा खर्च रोज थोडा करावा, बाळा, म्हणजे एकदम मोठा भरावा लागत नाही.”