अक्काची ओवाळणी

भाऊबीजेस बहिणीला काय द्यावे हा प्रश्न आम्ही पुष्कळ वर्षे कापडदुकानदारावर सोपविला होता. आमची वडील बहीण, जीस आम्ही अक्का म्हणतो, वाईजवळ मेणवलीस राहते. दरसाल भाईंदरहून निघावे, अक्काकडे पाटावर बसावे, तिने ओवाळावे आणि आम्ही तबकात साडी ठेवावी, असा क्रम. किंमत दरसाल थोडी वाढवीत असल्यामुळे आपले कर्तव्य यथासांग पार पडत आहे, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नव्हती.

ही शंका 2024 च्या उन्हाळ्यात उत्पन्न झाली. भाचीच्या लग्नाकरिता अक्काने ट्रंक उघडली, तेव्हा आमच्या साड्या एकीवर एक रचलेल्या दिसल्या. अकरांची घडीही मोडलेली नव्हती. आम्ही जरा घुश्श्यातच विचारले, "नेसायच्या नव्हत्या, तर घेतल्यास कशाला?" अक्का म्हणाली, "तू दिल्यास म्हणून घेतल्या. मी मागितले होते ते निराळेच. तुला आठवतही नसेल."

आठवत होते. मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, तेथे महादेवाच्या देवळाजवळ एक मोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे. चिमाजी आप्पांनी 1739 च्या मे महिन्यात वसई घेतली, तेव्हा तेथील चर्चांच्या घंटा मराठ्यांनी आणल्या. त्यांपैकी एक नाशकास नारोशंकराच्या देवळी, एक भीमाशंकरास आणि एक मेणवलीस आहे. अक्काचा सारा संसार या घंटेच्या शेजारी झाला. आमची बदली भाईंदरकडे झाली, त्या वर्षीच ती म्हणाली होती, "वसई तुझ्या खाडीपलीकडेच ना? एकदा मला ती घंटा जिथून आली, ती जागा दाखव."

भाईंदरहून वसई रोड म्हणजे लोकलने मधले एक नायगाव सोडले की आलेच. पुढे रिक्षा. एवढे जवळ असूनही आम्ही तिला कधी नेले नाही. कधी परीक्षांचे पेपर, कधी गर्दी, कधी अक्काचे गुडघे. खरे कारण सांगावयाचे तर साडी घेण्यास अर्धा तास लागे आणि वसई दाखविण्यास एक सबंध दिवस. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना देश, काल आणि पात्र यांचा विचार सांगितला आहे. हा अध्याय आम्ही मुलांस किती वेळा शिकविला असेल! त्यांतील 'काल' मात्र आमच्या ध्यानात आला, तेव्हा अक्काच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू बराच पुढे गेला होता.

त्या दिवाळीस आम्ही मेणवलीस गेलो नाही. अक्कालाच भाईंदरला आणले. त्याच वर्षी फेब्रुवारीत भाईंदर ते वसई अशी खाडीतून मोटारी नेणारी रो-रो बोट सुरू झाली होती. रस्त्याने घोडबंदरचा वळसा घातला तर तीस किलोमीटरांहून अधिक अंतर पडते. बोटीने पाव तासात पलीकडे. मोटारी, फटफट्या आणि माणसे एकाच तक्तपोशीवर उभी! उजवीकडे रेल्वेचे पूल. अक्काला ते धूसर दिसले, पण गाडी पुलावरून गेली ती तिने बरोबर ओळखली.

किल्ल्यात शिरल्यावर आमच्यातला मास्तर जागा झाला. सेंट सेबॅस्टियन बुरुजाखालचे सुरुंग, मराठ्यांची हजारो माणसे पडली तो रणसंग्राम, शेवटी पोर्तुगीजांस सन्मानाने दिलेली वाट, पुढे 1802 अखेर येथेच झालेला दुसऱ्या बाजीरावाचा तह, सर्व सांगितले. अक्का ऐकत होती की नाही, कोण जाणे. सेंट जोसेफ चर्चच्या भिंतीशी तिने आम्हांस थांबविले, हाताने दगड चाचपला आणि विचारले, "घंटा याच मनोऱ्यात होती का रे?"

किल्ल्यात चर्चांचे पडके अवशेष अनेक आहेत. ती घंटा नेमकी कोणत्या चर्चची, हे आम्हांस सांगता येईना. तसे म्हटले. तिला त्याचे काही वाटले नाही. "मग सगळीकडे ने," म्हणाली. गुडघ्यांसह सगळीकडे नेले. दोन तास लागले. प्रत्येक ठिकाणी ती वर तोंड करून उभी राही. एकदा हळूच म्हणाली, "इथल्या बायकांनाही घंटेची सवय झाली असेल. ती नेली, त्या दिवशी त्यांना कसे वाटले असेल?" चिमाजी आप्पांचा पराक्रम चाळीस वर्षे शिकवून हा प्रश्न आमच्या मनात एकदाही आला नव्हता, आणि वर्गातल्या कोण्या मुलाने तो विचारला असता तर आम्ही त्यास बहुधा खाली बसविले असते.

घरी परतल्यावर अक्काने आम्हांस ओवाळले. तबकात आम्ही काही ठेवले नाही. आमच्या सूनबाईंस हे भलतेच विचित्र वाटले. "आत्यांना रिकाम्या हाताने कसे पाठवायचे?" म्हणून त्यांनी गुपचूप एक साडी आणवून अक्काच्या पिशवीत तळाशी घातली.

अक्का गेल्यावर चार दिवसांनी ती साडी सूनबाईंच्या कपाटात सापडली. वर कुंकवाचे बोट लावलेले होते.