वेगळा रकाना

लहानपणी तारा तुटला की आजी डोळे मिटायला लावायची. कुणाचा तरी जीव गेला, रामराम म्हण. बाबा म्हणायचे, वाळूएवढा कण आहे तो, धूमकेतूच्या शेपटातून सांडलेला. उघड्या डोळ्यांनी बघ.

१९९८ च्या १७ नोव्हेंबरला रात्री आम्ही डोंबिवलीहून लोकलनं वांगणीला गेलो. टेंपल-टटल धूमकेतू फेब्रुवारीत सूर्याजवळून गेला होता, तेहेतीस वर्षांनी सिंह राशीतल्या उल्का भरात येणार होत्या. पहाटेपर्यंत मोजक्याच दिसल्या. मोठे अग्निगोल आदल्याच पहाटे पडून गेले होते, हे नंतर कळलं. मला रडू आलं. बाबांनी मात्र दिसलेली प्रत्येक उल्का वेळेसकट वहीत उतरवली होती.

लग्नानंतर म्हैसूरला आले. राजवाड्यावर दर रविवारी लागणारे लाखभर दिवे मला मनापासून आवडतात, पण शहराच्या उजेडात आकाश पार पुसून जातं. म्हणून डिसेंबरात मिथुन राशीतल्या उल्का बघायला एच. डी. कोटेच्या पुढे, रानाला लागून असलेल्या ओळखीच्या शेतावर जातो. नाचणी कापून रचलेली असते आणि हत्ती येतील म्हणून मालक रात्रभर मचाणावर बसतो. त्याचं लक्ष रानाकडे, आमचं वर.

१४ डिसेंबर २०२३. अमावस्या होऊन दोनच दिवस झाले होते. बाबाही बरोबर होते. त्यांना आता समोरचा माणूसही धूसर दिसतो. तरी वही त्यांच्याच मांडीवर, जाड पेन हातात. या मिथुनेतल्या उल्का फेथन नावाच्या लघुग्रहाच्या. तो १९८३ साली सापडला, आणि सूर्याभोवतीची फेरी दीड वर्षाच्या आत पुरी करतो. सिंहेतल्या उल्का सेकंदाला ७१ किलोमीटरनं येतात, या जेमतेम ३५ नं, त्यामुळे "ती बघा!" म्हणेपर्यंत आकाशात असतात. बघा म्हणायची सवय काही सुटत नाही.

मी सांगायची, बाबा बोटानं कडा चाचपून रेघ ओढायचे. दोनपर्यंत पान भरत आलं. मग दक्षिणेला एक लांबलचक, हिरवट उल्का सरकली. मी ओरडलेच.

"तिची रेघ मागे वाढव. पुनर्वसूपाशी जाते का?"

नव्हती जात. क्षणभर वाटलं, हो म्हणावं.

"नाही बाबा."

"मग मिथुनेतली नव्हे. वेगळ्या रकान्यात," म्हणत त्यांनी पान चाचपलं.