१० मिमी, .४५ आणि मामांचं रानडुक्कर

अमेरिकेत शिकारीला जाणाऱ्या मंडळींचा एक लाडका वाद आहे. खांद्याला रायफल असतेच, पण अस्वल एकदम अंगावर आलं तर कमरेला पिस्तूल कुठलं हवं? एक पार्टी .४५ वाली, १९११ च्या जुन्या कोल्टची भक्त. दुसरी १० मिमीवाली. ही गोळी १९८३ ची, आणि १९९१ मध्ये ग्लॉकनं तिच्यासाठी १५ गोळ्यांच्या मॅगझिनचं पिस्तूल काढलं. पुणे-मुंबई वादासारखंच प्रकरण, कधी संपत नाही.

आता लातूरच्या पोराला ह्याच्याशी काय करायचंय? बरोबर. आमच्या लातूर जिल्ह्यात जंगल नावापुरतंच. पण आजोळ आहे नांदेड जिल्ह्यात, किनवटकडं. तिथं सागाचं खरं जंगल आहे, आणि त्याला लागून मामांचं रान. तूर, मका, हरभरा... रानडुकरांच्या कळपाला एक रात्र पुरते. मामांकडं परवान्याची दुनळी बारा बोअर आहे. शिकार १९७२ च्या कायद्यानं बंद आहे, पण पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुक्कर आणि रोह्यांसाठी वनखात्याची परवानगी मिळू शकते. राज्य सरकारनं २०१५ मध्ये त्यासाठी निर्णय काढला.

मागच्या हंगामात शेजारच्या शिवारात जखमी डुकरानं एकाची मांडी फाडली. तेव्हापासून मामांच्या डोक्यात पिस्तूल बसलंय. "तू कम्प्यूटरवर दिवसभर बसायलास, बघून सांग की. कमरंला कोणतं लावू?"

आता भाच्याला काम लागलं म्हटल्यावर एक्सेल उघडणं आलंच. गोळीची ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, दहावीचंच सूत्र. १० मिमीची तगडी गोळी ११.७ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३९५ मीटरच्या आसपास. म्हणजे ९०० ज्यूल. .४५ ची गोळी जड, १४.९ ग्रॅम, पण वेग २६० च. म्हणजे ५०० ज्यूल. अस्वलाच्या मुलखात १० मिमी का आवडते ते इथंच कळतं. पिस्तूल तेवढंच, मारा जवळजवळ दुप्पट.

पण मामा, ह्या दोन्ही विसरा! .४५ आणि ९ मिमी ही लष्करी-पोलिसी मापं, आपल्याकडं सामान्य नागरिकाला बंद. १० मिमी इथं बनत नाही, आणि परदेशी पिस्तुलांची आयात १९८० च्या दशकातच थांबली. हाताशी येणारं सरकारी कारखान्याचं पिस्तूल म्हणजे .३२. गोळी ४.६ ग्रॅम, वेग २७५ च्या आसपास. ऊर्जा फक्त १७५ ज्यूल! म्हणजे १० मिमीच्या पाचव्या हिश्शाएवढी. आणि समोर नर डुक्कर, ज्याच्या खांद्यावर कातडीखाली चिवट कवच असतं. त्या गोळीनं डुक्कर थांबणार नाही, फक्त आणखी चिडेल.

त्या मानानं मामांच्या बारा बोअरची मोठ्या छऱ्यांची काडतुसं जवळून २००० ज्यूलच्या आसपास जातात. १९५९ चा शस्त्र कायदासुद्धा तेच सुचवतो. संरक्षणासाठी किमान २० इंची नळीची, आतून गुळगुळीत बंदूक आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक, ह्यांचा परवाना तो सरळ देऊ करतो. पिस्तुलाला मात्र सबळ कारण दाखवावं लागतं. कायदा आणि भौतिकशास्त्र एकाच बाजूला, असं आपल्याकडं क्वचितच होतं :)

दुसरा हिशोब वेळेचा. डुक्कर ताशी ४० किलोमीटरनं पळालं तर २० मीटर दोन सेकंदांच्या आत. अंधारात, एका हातात बॅटरी, कमरेचं पिस्तूल काढायचं, रोखायचं आणि पळत्या जनावराला नेमकं मारायचं? रोज सराव करणाऱ्यालाही अवघड. मामांनी सराव करायचा म्हटलं तर गोळ्याही मोजूनच मिळणार.

आमच्या धंद्यात बॅकअपचा एक नियम आहे. बॅकअप मुख्य सिस्टिमपेक्षा कमकुवत असेल तर तो बॅकअप नव्हे, मनाचं समाधान. मामांचा खरा बॅकअप म्हणजे दुनळीची दुसरी नळी. पहिला बार झाला की लगेच दुसरं काडतूस भरायचं, मगच जागचं हलायचं. दुसरा बॅकअप सोबतचा माणूस, चांगल्या बॅटरीसकट. आणि तिसरा, सगळ्यात स्वस्त, म्हणजे उजेड. जखमी डुकरामागं रात्री तुरीत शिरायचं नाही. सकाळी वनखात्याच्या माणसांना घेऊन जायचं. मांडी फाटलेला माणूस रात्रीच आत शिरला होता.

हे सगळं मामांना सांगितलं. जरा हिरमुसले, कमरेला पिस्तूल म्हणजे रुबाब असतो ना! मग म्हणाले, "म्हंजे पैशे वाचले म्हण." त्या पैशातून बांधाला सौर झटका मशीन बसवायचं ठरतंय. तार आणि खांबांचा हिशोब भाच्याकडंच आलाय. एक्सेल उघडंच आहे.